माशीचा नाद

राजांच्या लढायांचा इतिहास आहे, धर्मांचा आहे, व्यापाराचा आहे. परंतु मनुष्यास नाद कसा लागतो ह्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. बुद्धिबळाचा, पतंगाचा, गाण्याचा, जुनी नाणी जमविण्याचा नाद ज्यांस लागला, त्यांस तो नेमका केव्हा लागला असे विचारावे तर बहुधा उत्तर मिळत नाही. नाद लागून गेल्यावरच कळतो. ह्या नियमास एक ठळक अपवाद आमच्या पाहण्यात आहे. पिसे आणि रेशीम ह्यांची खोटी माशी बांधून तिने नदीतला मासा फसविण्याची जी कला युरोपात, विशेषेकरून इंग्लंडात, वाढीस लागली, तिच्या नादिष्टांनी आपल्या नादाची हकीकत इतक्या हौसेने लिहून ठेवली आहे की, गेल्या पाचशे वर्षांतील त्यांच्या पुस्तकांनी एखादे ग्रंथालय सहज भरेल. हा नाद माणसास कोणत्या दाराने शिरतो आणि एकदा शिरला म्हणजे त्यास कोठे नेऊन सोडतो, हे ह्या पुस्तकांवरून आणि त्यांच्या कर्त्यांच्या चरित्रांवरून जेवढे आम्हांस उमगले, तेवढे येथे सांगण्याचा विचार आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मासा हा विषय उंबरठ्याबाहेरच थांबत असेल. आणि कोकणातील व गोमंतकातील ज्या वाचकांच्या घरी तो आत येतो, तेथे त्याचा विचार ताजेपणा आणि किंमत ह्या दोनच अंगांनी होतो. गळ टाकून बसणे हे आपल्याकडे एक तर पोटाचे काम, नाही तर रिकामपणाचे. म्हणून ही कला काय आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. साध्या गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. तिच्या अथवा शिशाच्या वजनाने दोरा पाण्यात जातो, आणि मासा खाण्यास येतो. येथे गळावर खाण्यासारखे काहीच नसते. गळाची बारीक दांडी शेगड्यात धरून तिच्यावर मेणविलेला रेशमी धागा गुंडाळतात. सशाच्या कानाचे केस पिळून त्यांचे अंग करतात, कोंबड्याच्या मानेचे पीस वेटोळे देऊन बांधतात म्हणजे त्याचे तंतू पायांसारखे चहूकडे उभे राहतात, आणि वर पंख म्हणून दुसऱ्या एखाद्या पिसाचे दोन तुकडे बसवितात. ह्या वस्तूस वजन असे जवळजवळ नसतेच, म्हणून ती फेकता येत नाही. फेकावा लागतो तो दोरा. लवचिक काठीने जड दोरा डोक्यावरून मागे-पुढे चाबकासारखा खेळवावयाचा आणि असा सोडावयाचा की, त्याच्या टोकाची माशी आपल्या पायांनी पाण्यावर उतरल्यासारखी वाटावी. मासा तिला तोंडात घेतो, फसवणूक ओळखतो आणि थुंकून टाकतो. घेणे आणि थुंकणे ह्यांमधील क्षणात काठी उचलली तर मासा मिळाला. नाही तर सारा खटाटोप पाण्यात.

ह्या कलेचा पहिला स्पष्ट उल्लेख इ.स. २००च्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने केला आहे. प्राण्यांच्या स्वभावावरील आपल्या ग्रंथात तो सांगतो की, मॅसिडोनियात बेरिया व थेसलनायका ह्या नगरांच्या दरम्यान अस्ट्रीअस नावाची नदी आहे. तिच्यातील ठिपकेदार मासे त्या ठिकाणच्याच एका माशीवर जगतात. परंतु ही माशी गळास लावावी तर हाताचा स्पर्श होताच तिचा रंग जातो आणि पंख सुकतात. म्हणून तेथील कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत, आणि सहा फुटांच्या काठीस तेवढाच दोरा लावून ती पाण्यावर सोडीत. आम्हांस ह्या हकीकतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, कलेचा आरंभ अडचणीपासून झाला. खरी वस्तू हातात धरता येत नव्हती. ज्यास ती हवी होती त्यास ती डोळ्यांनी पाहून पुन्हा करावी लागली. हे कोळी पोटासाठी मासे धरीत, त्यांस नाद होता असे ईलियन म्हणत नाही. पण माशी बांधण्यासाठी माशीकडे टक लावून पाहणारा मनुष्य येथे प्रथमच दिसतो, आणि पुढील सर्व नादिष्ट त्याचे वंशज होत. जपानातही, युरोपाशी काही संबंध नसता, काठी व पिसांची ‘केबारी’ नावाची माशी ह्यांची परंपरा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. म्हणजे ही कल्पना एकाच देशाच्या डोक्यातून निघालेली नव्हे.

आपल्याकडे काय होते, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने इ.स. ११३०च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ह्या त्यातील उल्लेखामुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, आणि सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. माशांच्या जाती, त्यांचे राहण्याचे ठिकाण, कोणास कोणते खाद्य घालावे, काठी, दोरा व गळ कसे असावेत, हे सर्व राजाने व्यवस्थित सांगितले आहे. इंग्लंडात गळावर पहिले पुस्तक छापले जाण्यापूर्वी साडेतीनशे वर्षे हे लिहिले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र सोमेश्वराचा भर खाद्यावर आहे. माशास आधी खाऊ घालून वळण लावावयाचे आणि मग गळ टाकावयाचा, ही राजास शोभेल अशीच रीत झाली.

इंग्लंडातील ते पहिले पुस्तक १४९६ साली विंकिन द वर्ड ह्या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे छापले. ते डेम जुलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीने लिहिले अशी समजूत दीर्घकाळ चालत आली. परंतु तिला भक्कम आधार नाही. त्यात मार्चपासून ऑगस्टपर्यंतच्या बारा माश्या बांधण्याची कृती आहे. आणखी एक मजेदार गोष्ट अशी की, हा लहानसा निबंध स्वतंत्र न छापता शिकार व कुलचिन्हे ह्यांवरील एका मोठ्या, महाग पुस्तकात मुद्दाम घातला होता. का, तर सुटा मिळाला तर कोणीही आळशी मनुष्य तो विकत घेऊन नद्यांतील मासे संपवील. नाद सर्वांस लागू नये अशी तजवीज नादाच्या पहिल्याच पुस्तकात असावी, ह्याचे आम्हांस हसू आले. पण अधिक मासे धरण्याचा लोभ करू नये असा उपदेशही त्याच पुस्तकात आहे, तेव्हा लेखकाचे मन केवळ अहंतेचे नव्हते असे म्हणावे लागते.

ह्यानंतर आयझॅक वॉल्टन. १६५३ साली, म्हणजे राजा चार्ल्सचा शिरच्छेद होऊन चार वर्षे झाली असता, लंडनच्या ह्या राजपक्षीय दुकानदाराने गळावरील आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. देशात यादवी माजून गेलेली, आपला पक्ष हरलेला, अशा काळात नदीकाठच्या गप्पांचे हे पुस्तक निघाले आणि इंग्रजीत जी पुस्तके पुन्हापुन्हा छापली गेली त्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले. असे असूनही वॉल्टन माशीच्या कामात मोठा निष्णात नव्हता; तो भाग त्याने टॉमस बार्कर नावाच्या एका आचाऱ्याच्या पुस्तकावरून घेतला. उणीव भरून काढली ती त्याच्या तरुण मित्राने. डव्ह नदीच्या काठी राहणारा कवी चार्ल्स कॉटन वॉल्टनहून पस्तीसहून अधिक वर्षांनी लहान; १६७४ साली त्याने नदीकाठी एक छोटे घर बांधून त्यावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरविली, आणि १६७६ साली वॉल्टनच्या पाचव्या आवृत्तीस माशीवरील दुसरा भाग जोडला. त्या भागात एक वाटसरू येतो, त्यास ह्या विद्येचे काही ठाऊक नसते, आणि यजमान त्याच्या डोळ्यांदेखत एक माशी बांधून दाखवितो. मग वाटसरू स्वतः बांधून पाहतो. नाद लागण्याचे हे अगदी खरे चित्र आहे. मासा मिळाल्याने तो वाटसरू बिघडला नाही. दुसऱ्याच्या बोटांतून एक किडा जन्मास येताना पाहून बिघडला.

तथापि ह्या सर्वांत आमचे मन ज्याच्यावर बसले आहे तो पुरुष कवी नव्हे, सरदार नव्हे. आल्फ्रेड रोनल्ड्स हा विजेच्या तारायंत्राचे आद्य प्रयोग करणाऱ्या फ्रान्सिस रोनल्ड्सचा धाकटा भाऊ. स्टॅफर्डशायरात ब्लाइद नावाची एक नदी आहे. तिच्यावर त्याने एक लहानशी झोपडी बांधली आणि आतून दिवसचे दिवस ट्राउट माशांकडे पाहत बसला. मासा ऐकतो काय, हे पाहण्यासाठी त्याने झोपडीत आडोशास बंदूक उडवविली; मासे जागचे हलले नाहीत. माशास चव कळते काय, ह्यासाठी त्याने मेलेल्या घरमाश्यांस मध, तेल, शिरका, मोहरी, इतकेच नव्हे तर लाल मिरचीही फासून नळीतून फुंकून पाण्यावर टाकल्या. माशांनी त्याही खाल्ल्या. (आज आपण जाणतो की माशास ऐकू येते, हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही एवढेच. काठावरच्या पावलांचा धक्का मात्र त्यास तत्काळ कळतो.) पाण्यात किरण वाकतो, ह्या नियमावरून काठावरचा मनुष्य माशास कसा व किती दिसत असेल, ह्याची त्याने आकृती काढली. माशास वरचे सगळे जग डोक्यावरच्या एका वाटोळ्या खिडकीतून दिसते. तिचा कोन सुमारे ९७ अंशांचा, आणि तिच्या भोवतालचा पृष्ठभाग आरशासारखा नदीचा तळ परत दाखवितो. शेवटी १८३६ साली त्याने पुस्तक काढले. त्यातील चित्रपटांत वर खरा किडा, त्याच्या शास्त्रीय नावासह, आणि खाली त्याची पिसांची प्रतिमा, अशी जोडी लावलेली आहे.

हे पुस्तक येईपर्यंत माश्यांची नावे गावोगाव निरनिराळी होती आणि बांधण्याची कृती म्हणजे ऐकीव परंपरा होती. रोनल्ड्सने नादाला विद्येचे वळण दिले. माशास फसविण्यासाठी जो निघाला, त्यास वाटेत कीटकशास्त्र भेटले, प्रकाशशास्त्र भेटले, आणि मासा मागे राहिला. ज्यास आम्ही नादाचे दुसरे दार म्हणतो ते हे. रोनल्ड्स पुढे ऑस्ट्रेलियात गेला आणि १८६० साली तेथेच वारला.

आता विंचेस्टर नावाच्या गावाकडे वळू. इचेन नावाची स्वच्छ, संथ, चुनखडीच्या झऱ्यांची नदी ह्या गावातून वाहते; काठी जुनी शाळा आहे, आणि त्या काळी चौकात हॅमंड नावाच्या मनुष्याचे गळ व काठ्या विकण्याचे दुकान होते. १८७९ साली त्या दुकानात फ्रेडरिक हॅल्फर्ड नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याची जॉर्ज मॅरियट ह्या निष्णात गृहस्थाशी गाठ पडली. दोघांनी मिळून नदीतल्या माश्या पकडल्या, माशांची पोटे चिरून त्यांत काय आहे ते तपासले, आणि १८८६ साली तरंगत्या माशीवर हॅल्फर्डचे पुस्तक निघाले. मॅरियटने मुखपृष्ठावर आपले नाव येऊ दिले नाही. हॅल्फर्डचे सूत्र थोडक्यात असे: पृष्ठभागावर येऊन माशी खाणारा मासा आधी डोळ्यांनी हेरावा, तो कोणती माशी खात आहे हे ओळखावे, तिची हुबेहूब प्रतिमा प्रवाहाच्या उलट दिशेस, कोरडी, तरंगती अशी त्याच्यावर सोडावी. सूत्राचे पुढे शास्त्र झाले, शास्त्राचा धर्म झाला, आणि धर्म म्हटला की पाखंड आलेच.

ते पाखंड त्याच गावच्या शाळेतून निघाले. जॉर्ज स्क्यूज हा तेथील विद्यार्थी पुढे लंडनात वकील झाला. जन्मभर अविवाहित राहिला, आणि सुटी मिळाली की इचेनवर जाई. एकदा त्याच्या माशीची पिसे निकृष्ट निघाली, ती भिजून बुडाली, आणि तरंगत्या माशीकडे ढुंकून न पाहणाऱ्या माशांनी ती बुडलेली माशी घेतली. दुसरा कोणी असता तर दुकानदारास शिव्या देऊन मोकळा झाला असता. वकिलाने साक्षीपुरावा तपासावयास घेतला. मे-माशी नावाचा जो कीटक ह्या सर्व कलेचा आधार, त्याचे बहुतेक आयुष्य पाण्याखालीच जाते. वर्ष-दोन वर्षे तो तळाशी राहतो, मग वर येतो, पंख फुटतात, पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकतो (ही गोष्ट दुसरा कोणताही कीटक करीत नाही) आणि एक-दोन दिवसांत मरतो. त्यास खाण्यापुरते तोंडही नसते. मग मासा आपले अन्न वर शोधील की खाली? त्या पाण्यातल्या किड्यास इंग्रज लोक ‘निंफ’, म्हणजे अप्सरा, म्हणतात. आपल्या अप्सरा शब्दातही पाणीच आहे, हे संस्कृतज्ञ वाचकांस सांगावयास नको. १९१० साली स्क्यूजने आपले पहिले पुस्तक छापून ह्या अप्सरांचा पक्ष मांडला. वाद इतका चालला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात ह्या प्रश्नावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होता. युरोपावर महायुद्धाचे ढग आलेले असता बुडती माशी नीतीची की अनीतीची ह्यावर सभ्य गृहस्थ भांडत होते, हे हास्यास्पद वाटेल. परंतु आमच्या मते स्क्यूजच्या बाजूने जे होते ते नदीचे सत्य होते, आणि पुस्तकापेक्षा नदीवर विश्वास ठेवण्यास जे धैर्य लागते ते विषय लहान म्हणून लहान होत नाही.

त्याच शाळेत आणखी एक मुलगा होता. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री असलेले सर एडवर्ड ग्रे, ते पुढे लॉर्ड ग्रे झाले, ह्यांनी लहानपणी नॉर्थम्बरलंडच्या ओढ्यांत गांडूळ लावून मासे धरले होते; विंचेस्टरला आल्यावर त्यांनी कोरडी माशी हाती घेतली आणि पुष्कळ दिवस त्यांस एकही ट्राउट मिळाला नाही. १८९९ साली त्यांनी ह्या विषयावर पुस्तक लिहिले; इचेनकाठी एक लहानशी झोपडी बांधून मंत्रिपदाच्या धामधुमीतही शनिवार-रविवार ते तेथे जात. उत्तरवयात त्यांची दृष्टी गेली. पाण्यावरची माशी दिसेनाशी झाल्यावर त्यांस कोरड्या माशीचा खेळ सोडावा लागला, पण काठी हातात धरून केवळ हाताच्या जाणिवेने ते सामन माशांवर गळ टाकीत राहिले.

नादास समुद्र आडवा येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या उत्तरेस कॅट्स्किल डोंगरात थिओडोर गॉर्डन नावाचा क्षयाने पोखरलेला एकटा मनुष्य राहत होता. त्याने हॅल्फर्डला पत्र पाठविले आणि १८९० साली हॅल्फर्डने उत्तरासोबत आपल्या तरंगत्या माश्यांचा एक संच पाठविला. गॉर्डनने त्या पाहिल्या आणि त्याच्या ध्यानात आले की, इंग्लंडच्या संथ पाण्यातले किडे वेगळे, आपल्या खळाळत्या पाण्यातले वेगळे. त्याने आपल्या नदीस साजेल अशा माश्या बांधल्या, आणि अमेरिकेतील एक सबंध परंपरा त्यातून निघाली. ज्या नेव्हरसिंक नदीवर त्याने हे केले, तिचा तो भाग १९५३ साली पुऱ्या झालेल्या धरणाखाली गेला. कोयना-पानशेतच्या ह्या महाराष्ट्रात अशा गोष्टीचा अर्थ वेगळा फोड करून सांगावा लागत नाही.

इंग्रज लोक हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी नादाबरोबर मासाही आणला. ट्राउटची अंडी बोटीने आणून १९०० साली काश्मीरच्या पाण्यात ती जगविण्यात यश आले. निलगिरीच्या थंड ओढ्यांतही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ट्राउट स्थिरावला. पण येथे आधीपासून असलेल्या महसीराकडे ज्याने आपल्या देशबांधवांचे लक्ष वळविले, तो मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस; त्याचे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे निघाले. दख्खनच्या महसीराची शास्त्रीय ओळख त्याहूनही जुनी: कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतून मिळालेल्या माशाचे वर्णन करून ‘खुद्री’ हे नाव त्यास कायमचे चिकटविले. त्या जागी आज मुळा-मुठेत काय वाहते हे पुणेकर वाचक जाणतातच. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात मात्र देवीचे म्हणून राखलेले महसीर अजून आहेत. तेथे गळ टाकीत नाहीत, भाविक त्यांस खाऊ घालतात. सोमेश्वराच्या ‘मत्स्यविनोदा’चा पूर्वार्ध तेवढा तेथे उरला आहे, असे विनोदाने म्हणता येईल.

आता बांधणाऱ्यांकडे येऊ. कारण काठी धरणाऱ्यापेक्षा माशी बांधणाऱ्यास लागलेला नाद अधिक चमत्कारिक असतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याच कॅट्स्किल डोंगरात वॉल्ट डेट नावाच्या तरुणास ही विद्या शिकावयाची होती. तेथील प्रसिद्ध कारागीर रूब क्रॉस ह्यास त्याने पैसे देऊ केले. क्रॉसने साफ नाकारले. तेव्हा डेटने त्याच्याच माश्या विकत घेतल्या आणि घरी बसून धाग्याचा एकेक वेढा उलटा सोडीत गेला. कोणते पीस केव्हा बांधले, किती वेढे दिले, गाठ कोठे मारली, हे माशीनेच त्यास सांगितले. पुढे त्याची पत्नी विनी हीही ह्या कामात निष्णात झाली आणि दोघांनी आयुष्यभर माश्या बांधून विकल्या. आपल्याकडे घराण्याच्या गायकीत गुरूने चीज दिली नाही म्हणून भिंतीआडून ऐकून शिकलेल्यांच्या गोष्टी आहेत. त्यांतलीच ही एक समजावी.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकास मेगन बॉइड ह्या बाईंनीही उलगडूनच शिकण्यास आरंभ केला. १९१५ साली इंग्लंडात जन्मलेल्या ह्या बाई वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच ब्रोरा नदीच्या परिसरात आल्या. बॉब ट्रस्लर नावाच्या एका रानरखवालदाराने त्यांस जुन्या माश्या सोडवून तेच सामान अधिक लहान गळावर पुन्हा बांधण्यास दिले. पुढे जवळजवळ साठ वर्षे समुद्राकडे तोंड असलेल्या एका खोपटातील खिडकीपाशी बसून त्यांनी सामन माशांसाठी माश्या बांधल्या. राजपुत्रापासून गावकऱ्यापर्यंत गिऱ्हाइके दाराशी येत. १९७१ साली सरकारने पदक दिले, तर घरच्या कुत्र्याकडे पाहावयास कोणी नाही म्हणून त्या ते घेण्यास लंडनला गेल्या नाहीत. आणि ह्या बाईंनी स्वतः सामन कधी धरला नाही. मासा मारणे त्यांच्या मनास येत नसे. दुसऱ्याने मारावा म्हणून आयुष्यभर शस्त्र घडवावे आणि आपण त्यास हात लावू नये, ह्यात विसंगती आहे असे तर्कशास्त्र म्हणेल. हल्ली पुष्कळ ठिकाणी धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात, त्यातही दया किती आणि खेळ पुढे चालू ठेवण्याची सोय किती, हा प्रश्न आहेच. पण बॉइडबाईंच्या बाबतीत आम्हांस असे वाटते की, त्यांचा नाद माशीपाशीच पुरा होत होता. पुढची काठी, दोरा, मासा ही गिऱ्हाइकाची बाब होती.

येथेच ह्या नादाची काळी बाजू सुरू होते. सामन मासा समुद्रातून अंडी घालण्यास नदीत येतो तेव्हा तो अन्न घेत नाही. मग तो माशी तोंडात का धरतो, ह्याचे सर्वमान्य उत्तर नाही. आणि ज्या अर्थी तो भुकेने येत नाही, त्या अर्थी त्याची माशी कोणत्याही किड्यासारखी असण्याचे कारण राहिले नाही. ट्राउटची माशी बांधणाऱ्यावर नदीचा अंकुश होता. सामनची माशी बांधणारा निरंकुश झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात साम्राज्याच्या बंदरांतून देशोदेशींची पिसे लंडनात उतरत होती, आणि जॉर्ज केल्सनने १८९५ साली आपल्या ग्रंथात ज्या माश्या वर्णिल्या त्यांत दक्षिण अमेरिकेतील निळे-जांभळे पक्षी, माळढोकाच्या जातीचे पक्षी, टूकन अशांची पिसे एकेका गळावर दाटीने बसविलेली आहेत. त्यांतील ‘हिंदी कावळा’ नावाचे तांबडे पीस तर हिंदुस्थानचेही नव्हे आणि कावळ्याचेही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेचा एक फलाहारी पक्षी आहे. खरोखर हिंदुस्थानातून गेले ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस. सह्याद्रीच्या रानात राहणाऱ्या ह्या पक्ष्याच्या मानेवरील प्रत्येक पिसाच्या टोकाशी मेणाच्या थेंबासारखा पिवळसर-पांढरा चकचकीत ठिपका असतो. माशीच्या दोन्ही बाजूंस तो बसविला म्हणजे डोळ्यासारखा दिसतो. ह्या डोळ्यापायी हे कोंबडे किती मारले गेले ह्याची गणती नाही. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवरही निर्बंध आले.

पूर्वी नाद पुस्तकातून किंवा मास्तरापासून लागे. अलीकडे तो चित्रांतून लागतो. नॉर्मन मॅक्लीन ह्या निवृत्त प्राध्यापकाने वयाच्या सत्तरीनंतर, १९७६ साली, मोन्टानातील आपल्या भावाची व माशीच्या गळाची कथा प्रसिद्ध केली; १९९२ साली तिचा चित्रपट झाला आणि ज्यांनी कधी काठी धरली नव्हती असे असंख्य लोक नदीवर गेले. असाच एक अमेरिकन मुलगा दहाव्या वर्षी घरी चालू असलेल्या चित्रफितीत गळावर पीस गुंडाळले जाताना पाहून खिळून राहिला. कॉटनच्या वाटसरूस जे झाले तेच त्यास झाले. मुलगा बुद्धिमान, बासरी उत्तम वाजविणारा. जुन्या व्हिक्टोरियन माश्या तो लवकरच मूळ कृतीबरहुकूम बांधू लागला. पण त्यांची पिसे मिळत नव्हती. लंडनात संगीत शिकत असता जून २००९मध्ये एका रात्री त्याने ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाया द्वीपसमूहातून मोठ्या हालअपेष्टांनी आणलेले पक्षीही होते. काही कातडी परत मिळाली, काहींच्या पायांतील चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कोठे व केव्हा धरला हे सांगणारी चिठ्ठी गेली म्हणजे शास्त्रास त्या पक्ष्याचा उपयोग जवळजवळ संपतो. २०११ साली न्यायालयाने त्यास १२ महिन्यांची तहकूब शिक्षा दिली. ह्या पिसांच्या माश्या कोणी पाण्यात टाकणार नव्हते. त्या चौकटीत बसविण्यासाठी होत्या. रोनल्ड्स आणि हा मुलगा, दोघेही एकाच दाराने आत आले. एकास पिसाच्या पलीकडे नदी दिसली, दुसऱ्यास पिसाच्या पलीकडे पीसच दिसले.

राखी रानकोंबड्याची कायदेशीर पिसे हल्ली परदेशी पाळलेल्या पक्ष्यांपासून घेतात. ज्यांस ती परवडत नाहीत ते रंगविलेल्या ठिपक्यांवर भागवितात, आणि सामन त्यांनाही तोंड लावतो. रानातला कोंबडा महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूस अजून पहाटे आरवतो. त्याच्या मानेवरचे ते ठिपके कशासाठी आहेत, हे त्याच्या कोंबडीस ठाऊक.